रेघोट्यांचे प्रयोजन

पुण्यात एखादा गृहस्थ संध्याकाळी गॅलरीत नुसता बसून राहिला, तर त्याला कोणी काही विचारत नाही. तो दमला असेल, त्याचे कुठेतरी पैसे अडकले असतील किंवा घरात काही बिनसले असेल, असा अर्थ जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे लावून घेतो आणि पुढे जातो. परंतु तोच गृहस्थ बारीक टोकाचे काळे पेन घेऊन, तळहाताएवढ्या कागदावर मान मोडून अर्धचंद्रामागून अर्धचंद्र काढताना दिसला, की त्याचे बसणे हा सार्वजनिक प्रश्न होतो. "हे काय चाललंय?" हा पहिला सवाल, आणि त्याचे उत्तर पुरे होण्याच्या आत येणारा दुसरा, "ह्याचा उपयोग काय?" पहिल्याचे उत्तर मला येते. दुसऱ्याच्या पायी माझ्या छंदाचा निम्मा वेळ खुलासे करण्यात जातो.

मी नक्षी काढतो. चित्रे काढत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण मी काढलेला घोडा पाहून खुद्द घोड्याने हरकत घ्यावी अशी माझ्या चित्रकलेची अवस्था आहे. नक्षीला घोडा लागत नाही. ठिपका, सरळ रेघ, कमान, नागमोडी वळण आणि वाटोळे, एवढ्या पाच गोष्टींवर सगळा संसार चालतो, आणि ज्याला चेकवर सही करता येते त्याला या पाचही गोष्टी येतात. त्या एकाच क्रमाने पुन:पुन्हा काढत गेले, की कागद आपोआप भरत जातो आणि काढणारा शांत होत जातो. व्यवसायाने मी लेखापाल आहे. दिवसभर जुळायलाच हवेत असे आकडे जुळवल्यानंतर, न जुळल्या तरी कोणाला नोटीस येणार नाही अशा रेघा ओढण्यात काय सुख आहे, हे कोणत्याही लेखापालाला सांगावे लागणार नाही. दुर्दैवाने आमच्या इमारतीत लेखापाल मी एकटाच आहे.

या प्रकाराला शिस्तीत बसवण्याचे श्रेय अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांकडे जाते. थॉमसबाई सुलेखनकार, तर रॉबर्ट्स हे एके काळी संन्यस्त आयुष्य जगलेले गृहस्थ. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी या पद्धतीला 'झेंटँगल' असे नाव दिले, ते नोंदवून घेतले आणि तिचे नियमही घालून दिले. कागद साडेतीन इंच चौरस असावा. चारी कोपऱ्यांत पेन्सिलीने एकेक ठिपका द्यावा, ते जोडून चौकट करावी, चौकटीच्या आत एक सैलसर रेघ फिरवावी आणि तिच्यामुळे पडलेल्या कप्प्यांत शाईने एकेक नक्षी भरत जावे. कागदाला वरची बाजू नाही आणि खालचीही नाही. खोडरबर तर अजिबातच नाही. ही शेवटची अट मला विशेष भावली, कारण आमच्या धंद्यातही खाडाखोड चालत नाही, मात्र तिथे त्याचे दडपण येते आणि इथे येत नाही.

खर्च जवळजवळ शून्य आहे, हा मुद्दा मी घरात वरचेवर मांडत असतो. पेन मात्र चांगले लागते. ज्याच्या टोपणावर ०१ असे छापलेले असते त्या जपानी पेनाची रेघ पाव मिलिमीटर जाडीची उमटते आणि तिची शाई एकदा वाळली की पाण्याने फुटत नाही. ते आणायला मी अप्पा बळवंत चौकात गेलो, तेव्हा दुकानदारांनी विचारले, "मुलगा आर्किटेक्चरला का?" मुलगा नाही म्हटल्यावर मुलगी विचारून झाली. मला स्वतःलाच हवे आहे, हे ऐकल्यावर त्यांनी पेन काउंटरवर ठेवले खरे, पण त्यावरचा हात काही काढला नाही. "दाबून लिहायचं नाही. टोक बसलं तर परत घेणार नाही," असे बजावून मगच त्यांनी ते माझ्या स्वाधीन केले.

कागदाचा प्रश्न मी लग्नपत्रिकांवर सोडवला आहे. सोनेरी वेलबुट्टी आणि मखमली गणपती असलेली चकचकीत पत्रिका या कामी कुचकामी असते, कारण तिच्यावर शाई वाळत नाही आणि बोटाबरोबर फरफटत जाते. याउलट ज्या कुटुंबाने जाड, खरखरीत आणि एका बाजूने कोऱ्या कार्डावर भागवलेले असते, त्या कुटुंबाविषयी माझ्या मनात आदर दाटून येतो. अडचण एवढीच, की साडेतीन इंचांच्या मापाने पत्रिका कापली की मुहूर्त एका तुकड्यावर जातो आणि कार्यालयाचा पत्ता दुसऱ्यावर. त्यामुळे कार्य पार पडेपर्यंत पत्रिकेला हात लावायचा नाही, असा आमच्या घरात ठराव झालेला आहे. माझ्या उत्तम नक्षींपैकी एकीच्या पाठीवर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असे आग्रहाचे निमंत्रण आहे. त्या काकांना आता दोन मुले आहेत.

हा सर्व सरंजाम टेबलावर मांडून बसले, की खरे सुख सुरू होते. मला अर्धचंद्रांची नक्षी प्रिय आहे. कप्प्याच्या कडेला टेकवून लहान लहान अर्धगोल काढायचे, ते काळे भरायचे आणि प्रत्येकाभोवती केसभर अंतर सोडून एक कमान घालायची, मग त्या कमानीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. काही फेऱ्यांनंतर शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना भिडतात, आणि तिथून पुढची प्रत्येक रेघ शेजारणीच्या मागे जाऊन थांबवावी लागते. नेमक्या त्या जागी सपाट कागदाला खोली येते. कमानी एकमेकींच्या आडून डोकावू लागतात आणि मधोमध राहिलेल्या चिंचोळ्या जागेत शेवटची रेघ बसते की नाही, या चिंतेपुढे जीएसटीच्या विवरणपत्राची २० तारीखसुद्धा क्षुल्लक वाटते. याच क्षणी पाठीमागून आवाज येतो, "अहो, हे झालं असेल तर गवार मोडायला घ्या." नक्षी झालेली नसते, हे सांगण्यात अर्थ नसतो. गवारीला उपयोग असतो.

उपयोगाचा प्रश्न न विचारणारी एकच व्यक्ती आमच्या घरात आहे, ती म्हणजे माझी आई. मी जे काढतो त्याला परदेशात नाव आहे, पुस्तके आहेत आणि प्रमाणपत्र घेतलेले शिक्षकही आहेत, असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने "बरं" एवढेच म्हटले. तिच्या ट्रंकेत तळाशी उदबत्तीने भोके पाडलेला एक जाड कागद आहे. तो जमिनीवर पसरून वरून रांगोळीची भुकटी फिरवली, की खाली ठिपके उमटतात. हा कागद तिने सुना आल्यावर त्यांच्यासाठी केला, कारण तिला स्वतःला त्याची गरज पडत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती शेजारच्या काकूंशी बोलता बोलता पंधरा ते आठ ठिपके टाकते, आणि ओळ वाकडी जात नाही. एका पाडव्याला मी शेजारी बसून हिशेब केला. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेकाने कमी होत ८ पर्यंत, म्हणजे एकूण १६९. माझी बेरीज मी अभिमानाने जाहीर केली, त्यावर ती म्हणाली, "असतील." माझ्या कागदावरची नक्षी तिने चष्मा लावून, कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि आजवर मिळालेला एकमेव तांत्रिक अभिप्राय दिला, "तुझी रेघ कुठं सुरू झाली ते दिसतंय. ते दिसता कामा नये."

तिच्या जोरावर मी एकदा वादात उतरलो. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांनी पुसली जाते, तरी तिचा उपयोग तिला कोणी विचारलेला नाही, मग माझ्या टिकाऊ शाईच्या नक्षीलाच हा जाच का, असा माझा बिनतोड सवाल होता. "रांगोळी दारात असते. तिच्यामुळं लक्ष्मी येते," असे सौभाग्यवतींनी उत्तर दिले. "तुमच्या कागदांमुळं काय येतं?" कागदांमुळे फार तर झुरळे येतील, हे उत्तर माझ्याकडे तयार होते, पण ते माझ्याच विरोधात जात असल्यामुळे मी दिले नाही.

नक्षीचा नाद लागल्यावर माणसाचे डोळे बिघडतात, हे मात्र मला कबूल आहे. जिकडेतिकडे पुनरावृत्तीच दिसू लागते. जुन्या वाड्यांच्या सिमेंटच्या जाळ्या, खिडक्यांचे गज, रिक्षाच्या सीटवरचे रेक्झिन, चादरी, पडदे, काही सुटत नाही. त्यात माझ्या वाचनात असे आले, की सपाट पृष्ठभागावर दोन्ही दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीच्या दृष्टीने फक्त १७ प्रकार होतात, आणि हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्येच सिद्ध केलेले आहे. एकाच दिशेने लांबत जाणाऱ्या पट्टीचे तर अवघे ७. जगातली सारी वेलबुट्टी १७ आणि ७ अशा दोन खात्यांत बसते, हे समजल्यावर माझ्यातल्या लेखापालाला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. मी तपासणीला लागलो. पट्टीचा उत्तम नमुना म्हणजे साडीचा काठ, आणि साड्यांचे काठ एकाच ठिकाणी मुबलक पाहायला मिळतात ते म्हणजे मंगल कार्यालय.

तिथे व्हायचे तेच झाले. पुढच्या रांगेतील एका अनोळखी बाईंच्या पैठणीच्या काठावर असे काही मोर होते, की ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत की नुसतेच पुढे सरकवलेले आहेत, हे मला ठरवता येईना. प्रतिबिंब असेल तर प्रकार वेगळा आणि सरकवलेले असतील तर वेगळा, त्यामुळे मी पुढे वाकून निरखू लागलो. मंगलाष्टके चालू होती. बाईंनी मागे वळून पाहिले, नंतर त्यांच्या यजमानांनीही वळून पाहिले. माझ्या सौभाग्यवतींनी "त्यांना काठ बघायचाय, सममिती आहे का ते बघतायत," असे सांगून मला सोडवण्याचा प्रयत्न केला. ते खरे होते, पण खरे असूनही ऐकायला बरे नव्हते. यजमान म्हणाले, "अच्छा, साड्यांच्या धंद्यात आहात का?" मी ताबडतोब हो म्हटले. धंदा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा निवळला, बाईंनी आपण होऊन पदर पुढे केला आणि पंगतीत त्यांनी मला येवल्यातल्या घाऊक भावांविषयी दोनदा विचारले. मोर प्रतिबिंबातलेच निघाले.

यापेक्षा बरा अनुभव मला आमच्या न्हाणीघराच्या दुरुस्तीत आला. मार्च २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या निवृत्त गृहस्थांनी केवळ हौसेने आकार कापून जुळवता जुळवता तेरा बाजूंचा एक असा आकार शोधून काढल्याची बातमी आली, की त्या एकाच आकाराच्या फरशा लावून कितीही मोठी जमीन फटी न ठेवता भरता येते, आणि तरीही एकूण मांडणीची पुनरावृत्ती कधीच होत नाही. गणिती मंडळी अशा एकट्या आकाराच्या मागे कित्येक वर्षे होती. या आकाराला टोपी म्हणतात. तो व्यवसायाने गणिती नसलेल्या माणसाला टेबलावर कागद कापत बसून सापडावा, ही गोष्ट मी घरात, जिन्यात आणि दूध केंद्रावर सर्वांना ऐकवली होती. त्यामुळे न्हाणीघराची फरशी बदलायची ठरली, तेव्हा मी गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींना चौकटीच्या कागदावर टोपी काढून दाखवली.

मिस्त्रींनी बिडी कानामागे अडकवली, कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटले आता कापण्यात माल किती वाया जाईल ते सांगतील. त्यांनी वेगळ्याच जागी बोट ठेवले. "साहेब, ही इथली फरशी तुम्ही उलटी टाकलीय." मी म्हटले, बरोबर आहे, ह्या मांडणीत काही फरशा उलट्या, म्हणजे आरशात दिसतात तशा, लावाव्या लागतात. "मग ग्लेझ खाली जाणार की," ते म्हणाले. "उलटी फरशी बसवून त्यावर पाणी ओतणार का?" आक्षेप निरुत्तर करणारा होता. पुढे वाचताना मला कळले, की हीच हरकत जाणकारांनीही घेतली होती आणि त्याच मंडळींनी मे २०२३ मध्ये उलटण्याची गरज नसलेला नवा आकार काढून तिचे निराकरण केले. हे मी मिस्त्रींना फोन करून कळवले. तोवर त्यांनी बारा बाय बाराच्या पांढऱ्या फरशा बसवून काम आटोपले होते, पण "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

मधल्या काळात भाच्याने या नक्षींचे टी-शर्ट छापण्याचा, मेहुणीने शनिवार-रविवार क्लास काढण्याचा आणि तळमजल्यावरच्या काकांनी ही एकाग्रता वाढवण्याची साधना असल्यास प्राणायामाबरोबर करण्याचा सल्ला दिला. मला नुसते काढायला आवडते, हे उत्तर कोणालाच उत्तर वाटले नाही.

शेवटी हा प्रश्न निकालात निघाला तो आमच्या सोसायटीच्या सभेत. पाण्याच्या टाकीची सफाई, गेस्ट पार्किंग आणि पुन्हा पाण्याची टाकी अशा क्रमाने सभा पुढे सरकत असताना मी विषयपत्रिकेच्या पाठीवर जाळी भरत होतो. सेक्रेटरींनी चर्चा थांबवून विचारले, "साहेब, तुमचं लक्ष आहे ना?" मी नम्रपणे सांगितले, की जॅकी अँड्रेड या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० जणांना टेलिफोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला होता, आणि त्यांपैकी ज्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले होते, त्यांना नंतर इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. सभा स्तब्ध झाली. आपल्या सभेची तुलना कंटाळवाण्या निरोपाशी झाली आहे, हे सुदैवाने कोणाच्या ध्यानात आले नाही. "मग सांगा बरं, आत्तापर्यंत काय काय झालं?" असे आव्हान मिळाले, तेव्हा टाकीसफाईच्या तीन दरपत्रकांतले आकडे, कोण कोणाला काय म्हणाले आणि कोणत्या वाक्यानंतर कोणी खुर्ची मागे सरकवली, हे सारे मी क्रमवार म्हणून दाखवले. पाचच मिनिटांत इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीत एकमताने काही मंजूर होण्याची उदाहरणे फार नाहीत.

इतिवृत्त लिहिणाऱ्याला सभेत नक्षी काढता येत नाही, हे मला पुढच्या सभेत उमगले. दोन्हीला एकच हात लागतो. मात्र इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक सभेअखेर, सह्यांच्या वर, बरीचशी जागा कोरी राहते. अशी जागा सोडायची नाही, तिच्यावर तिरकी रेघ मारून ती रद्द करायची, म्हणजे मागाहून कोणाला ओळ घुसवता येत नाही, ही आमच्या पेशातली जुनी सवय. मी तिरकी रेघ मारली. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन रिकामे कप्पे पडले. रिकाम्या कप्प्यांपुढे माझा नाइलाज असतो.

लेखापरीक्षकांनी वहीची पाने उलटताना टाकीसफाईच्या ठरावाखाली पसरलेल्या अर्धचंद्रांवर बोट ठेवले आणि "हे काय आहे?" असे विचारले, तेव्हा मी राजीनाम्याचा मसुदा मनात तयार केला होता. परंतु माझ्या आधी सेक्रेटरीच म्हणाले, "ती सिक्युरिटी आहे. मधे काही लिहिता येऊ नये म्हणून." परीक्षकांनी वही उजेडात धरली, रेघांमध्ये एखादे अक्षर तरी मावते का ते पेनाचे टोक टेकवून पाहिले आणि "पद्धत चांगली आहे," असा शेरा दिला. ही वार्ता संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोहोचली. घरी मला न मागता चहा मिळाला. "ह्यांच्या नक्षीचा सोसायटीला उपयोग होतो," हे वाक्य मी फोनवर मेहुणीला सांगितले जाताना स्वतःच्या कानांनी ऐकले. आईने ते पान मागवून घेतले आणि रेघ अजून कुठे सुरू झाली ते दिसते आहे, असे सांगून परत केले.

आता सेक्रेटरींनी कपाटातल्या जुन्या वह्याही माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आहेत. त्यांतल्या साऱ्या कोऱ्या जागा ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी, भरून हव्या आहेत. पेनांचा खर्च सोसायटी करणार आहे. फक्त पावती पक्की हवी, आणि तीन दुकानांची दरपत्रके जोडायची आहेत.